दोन बाटल्या, एक उंदीर आणि वजनकाटा

सोलापुरातल्या एका फार्मसी कॉलेजच्या प्राणीगृहात मी काम करते. कडू चवीचा वारसा समजून घ्यायला येणारी मुलं पहिल्याच दिवशी जनुकांचं विचारतात. मी त्यांच्या हातात वजनकाटा देते. संस्थेच्या नैतिकता समितीची परवानगी मात्र त्याच्याही आधी हवी.

पिंजऱ्यात एकच उंदीर ठेवा. नळीच्या दोन बाटल्या लावा. एकीत डिस्टिल्ड पाणी, दुसरीत त्याच पाण्यात अगदी पातळ क्विनीन हे कडू औषध. बाटल्या लावताना वजन घ्या, 24 तासांनी परत घ्या, मग बाटल्यांच्या जागा बदलून आणखी एक दिवस मोजा. एकदा एक उंदीर कडू बाटलीला तोंडच लावेना, आम्ही सगळे खूश. जागा बदलल्यावर कळलं, त्याला फक्त डावीकडची नळी आवडत होती! म्हणूनच गड्ड्याच्या (सिद्धेश्वर यात्रेच्या) सुट्टीच्या तोंडावर ही चाचणी सुरू करू नका. बाटल्या बदलायला कुणी येत नाही.

शेजारी एक रिकामा पिंजराही लावा, तशाच दोन बाटल्या घालून. उंदीर दिवसाला चार-पाच मिलीच पितो, त्यात अर्धा मिली गळालं तर आकडा फसतो. मे महिन्यात वीज जाऊन एसी बंद पडला तर तो दिवस सरळ वगळा. तापलेल्या खोलीत उंदीर जास्त पितात.

रिकाम्या पिंजऱ्यातली गळती वजा करून कडू पाण्याला एकूण पाण्याने भागा. उत्तर निम्म्याच्या आसपास आलं तर त्याला फरक कळलेला नाही किंवा त्याची त्याला पर्वा नाही. निम्म्याहून बरंच खाली आलं तर तो कडू टाळतोय. पुढच्या फेरीला द्रावण थोडं तीव्र करा.

वारसा बघायचा तर एकाच वंशाचे उंदीर पुरत नाहीत. सुक्रोज ऑक्टाअॅसिटेट या कडू पदार्थाचं पातळ द्रावण एसडब्ल्यूआर वंशाचे उंदीर टाळतात. सी57बीएल/6 वंशाचे ते साध्या पाण्यासारखं पितात. दोघांची पिल्लं टाळणारी निघतात, म्हणजे टाळण्याचा गुण प्रभावी. या पिल्लांचा संकर पुन्हा सी57बीएल/6शी केला की साधारण निम्मी टाळतात, निम्मी पितात. असं मोजूनच या फरकाचा माग उंदराच्या सहाव्या गुणसूत्रापर्यंत पोचला, आणि 2000 साली कडू चव ओळखणाऱ्या ग्राहकांची (रिसेप्टरची) जनुकं सापडली तेव्हा त्यांतली बरीचशी तिथेच निघाली.

प्रत्येक पिल्लाची नोंद वेगळी ठेवा. पिंजऱ्याची सरासरी काढलीत की हे निम्मं-निम्मं दिसतच नाही.