स्वस्त आयशॅडो पॅलेट कसे पारखावे आणि कसे वापरावे

कोल्हापुरात महाद्वार रोडवर किंवा राजारामपुरीतल्या दुकानांत २०० ते ५०० रुपयांत आयशॅडोचे पॅलेट सहज मिळते. या किमतीतही चांगला माल असतो. मात्र तो ओळखायचा असेल, तर शेडची संख्या आणि चमक या दोन्हींना भुलून चालत नाही. शिमरच्या, म्हणजे चमकदार, शेड स्वस्त पॅलेटमध्येही बहुधा बऱ्या निघतात, कारण त्यांतील अभ्रकाचे कण प्रकाश परावर्तित करून रंगाची उणीव झाकून नेतात. खरा कस लागतो तो मॅट, म्हणजे बिनचमकीच्या, शेडचा, त्यातही मध्यम तपकिरी, जांभळ्या आणि निळ्या रंगांचा.

दुकानात सर्वप्रथम वेष्टन वाचावे. आपल्याकडील सौंदर्यप्रसाधन नियम, २०२० नुसार उत्पादकाचे नाव व पत्ता, बॅच क्रमांक, उत्पादन परवाना क्रमांक, घटकांची यादी आणि वापराची मुदत छापलेली असावी लागते. परदेशी मालावर आयातदाराचे नाव आणि नोंदणी प्रमाणपत्राचा क्रमांक असावा लागतो. पापणीची त्वचा शरीरातील सर्वांत पातळ त्वचांपैकी एक असल्यामुळे, यांपैकी काहीच न छापलेले किंवा प्रसिद्ध कंपनीच्या नावात एखादे अक्षर बदलून विकले जाणारे पॅलेट कितीही स्वस्त असले तरी घेऊ नये. वजनही पाहावे. चाळीस शेडच्या मोठ्या पॅलेटपेक्षा नऊ शेडचे पॅलेट ग्रॅममागे स्वस्त पडू शकते आणि रोजच्या वापरात बहुतेकींचे काम चार-पाच शेडवर भागते.

नमुन्याचे पॅलेट उघडे ठेवलेले असेल, तर त्यातील रंग डोळ्याला कधीही लावू नये. कितीतरी जणींची बोटे त्यात फिरलेली असतात. तो हाताच्या मागच्या बाजूला लावून पाहावा, पण तिथेही एक फसगत होते. बोटाचा दाब आणि त्वचेचे तेल यांमुळे कोणतीही शेड गडद उमटते. म्हणून बोटाने एकदाच, हलक्या हाताने रंग ओढावा आणि मग दुसऱ्या बोटाने त्याच्या कडा विरघळवून पाहाव्यात. कडा मऊ होताना रंग टिकला तर शेड चांगली. ठिपके पडले किंवा मधूनच रंग नाहीसा झाला, तर पापणीवरही तेच होणार. हे सारे ट्यूबलाइटखाली ठरवू नये, दुकानाच्या दारापाशी येऊन उजेडात हात पाहावा. गव्हाळ किंवा सावळ्या वर्णावर काही तपकिरी शेड राखाडी दिसतात, कारण त्यांत टाल्कसारख्या पांढऱ्या पावडरीचे प्रमाण अधिक आणि रंगद्रव्य कमी असते. दुकानदार ‘मॅडम, लावल्यावर खुलतो’ म्हणाला, तरी अशी शेड खुलत नाही.

घरी आणल्यावर कानामागे किंवा कोपराच्या आतल्या बाजूला थोडा रंग लावून एक दिवस वाट पाहावी. खाज, लाली किंवा पुरळ आले नाही, तरच डोळ्याची पाळी.

आता मुख्य चाचणी. एका पापणीवर प्रायमर (रंग धरून ठेवणारा तळाचा थर) किंवा कन्सीलरचा (डाग झाकणाऱ्या त्वचेच्या रंगाच्या क्रीमचा) अगदी पातळ थर लावून त्यावर थोडी पावडर थोपटावी आणि दुसरी पापणी कोरडी ठेवावी. नंतर दोन्हींवर एकच मॅट शेड त्याच ब्रशने लावावी. ब्रश पॅलेटवर घासण्याऐवजी टेकवावा, जास्तीची पावडर झटकावी, रंग आधी पापणीवर थोपटून बसवावा आणि मगच पापणीच्या घडीपाशी लहान गोलाकार हालचालींनी पसरवावा. स्वस्त आयशॅडोची पावडर गालावर बरीच सांडते, म्हणून डोळे आधी करून फाउंडेशन नंतर लावणे सोयीचे. चार-पाच तासांनी खिडकीच्या उजेडात आरसा धरून घडीतली रेघ पाहावी. कन्सीलर लावलेल्या बाजूलाही रंग घडीत गोळा झाला असेल, तर ती शेड लग्नसमारंभासाठी भरवशाची नाही. कोल्हापूरच्या जुलैमधल्या दमट हवेत तर तिची परीक्षा अधिकच कठीण होते, त्यामुळे जमल्यास पावसाळी दिवशीच पाहावे.

शिमरची शेड ब्रशने फिकी दिसली, तर लगेच नापास करू नये. ती बोटाने किंवा किंचित ओलसर चपट्या ब्रशने पापणीच्या मधोमध दाबून लावावी. साज आणि नथ यांच्या सोन्याजवळ उबदार सोनेरी किंवा तांबूस छटा विशेष शोभते. गार रुपेरी शेड तिथे उपरी वाटते, असे माझे मत आहे. मोठ्या कणांचे ग्लिटर मात्र डोळ्यांसाठी असल्याचे वेष्टनावर स्पष्ट लिहिलेले असेल तरच वापरावे. शोभेच्या कामाचे ग्लिटर डोळ्यात गेल्यास बुबुळाला ओरखडा पडू शकतो. लेन्स वापरणाऱ्यांनी ती मेकअपच्या आधी बसवावी आणि मेकअप पुसण्याआधी काढावी.

काही दिवसांच्या वापरानंतर एखाद्या शेडवर कडक, चकचकीत साय धरल्यासारखी होते आणि ब्रशला रंग लागेनासा होतो. हे त्वचेच्या तेलामुळे होते. त्यावर पारदर्शक चिकटपट्टी हलकेच दाबून उचलली की वरचा थर निघून येतो आणि शेड पुन्हा चालू लागते. डोळे आल्यावर वापरलेले पॅलेट मात्र टाकूनच द्यावे.