कोकण किनाऱ्यावरील समुद्रशेवाळ: ऑक्टोबर ते मे हंगामाचा सल्ला

नारळी पौर्णिमेनंतर होड्या समुद्रात जातात, म्हणून शेवाळाचे तराफेही लगेच उतरवण्याची घाई करू नये. लागवडीच्या कप्पाफायकस या शेवाळाला खारेपणा दर हजारी ३० च्या वर लागतो. नद्यांचं गोडं पाणी हलकं असल्यामुळे समुद्रावर वरच्या थरात पसरतं, आणि तराफा नेमका त्याच थरात असतो. त्यामुळे खाली पाणी खारट असूनही वरचं बियाणं, म्हणजे लागवडीच्या फांद्या, सडतं.

रिफ्रॅक्टोमीटरने खारेपणा मोजा, तोही ओहोटीच्या शेवटी, कारण खाडीचं पाणी तेव्हाच बाहेर आलेलं असतं. भरतीचा आकडा फसवा असतो. सलग आठवडाभर आकडा ३० च्या खाली गेला नाही, तरच लागवड करा. परतीचा पाऊस लांबला तर लागवडही लांबवा. खाडीच्या मुखाजवळची जागा मुळातच टाळलेली बरी.

आडोशाच्या जागी १२ फूट बाय १२ फुटांचा बांबूचा तराफा चालतो. त्यावर २० दोऱ्या, प्रत्येक दोरीवर २० गाठी आणि गाठीला १५० ग्रॅम, म्हणजे एका तराफ्याला ६० किलो बियाणं लागतं. कोवळ्या, टोकदार फांद्या निवडा आणि फास सैल ठेवा. आवळलेल्या जागीच फांदी तुटते. खालून जाळं बांधलं नाही तर शेवाळ खाणारे मासे शेंडे फस्त करतात. उघड्या समुद्रात बांबू टिकत नाही, तिथे नळीसारख्या जाळीत बियाणं भरून ती दोरावर बांधण्याची पद्धत बरी. बियाणं आणताना समुद्राच्या पाण्यात भिजवलेल्या गोणपाटाखाली, सावलीत ठेवा. गोडं पाणी मारू नका.

डिसेंबर ते फेब्रुवारी हा सगळ्यात चांगला काळ. पाणी २५ ते २८ अंशांवर असतं आणि वाढ जोमदार होते. ४५ दिवसांत तराफ्यामागे २४० ते २६० किलो ओलं पीक मिळू शकतं. त्यातले ६० किलो पुढच्या लागवडीला ठेवा. दर दोन-तीन दिवसांनी दोऱ्या पाण्यातच हलवून गाळ झाडा आणि केसासारखं तंतुमय शेवाळ हाताने काढा. हे काम कंटाळवाणं आहे, पण तेच चुकवलं की उजेड अडतो आणि पीक खुंटतं.

खरी काळजी मार्चपासून. पाणी ३० अंशांच्या वर गेलं आणि भांगाच्या, म्हणजे लहान भरती-ओहोटीच्या, दिवसांत प्रवाह मंदावला, की फांदीवर पांढरे डाग पडून ती तिथेच तुटते. या रोगाला ‘आइस-आइस’ म्हणतात. जिवाणू नंतर शिरतात, आधी झाड ताणामुळे कमजोर झालेलं असतं. म्हणून औषध शोधण्यात अर्थ नाही. दोऱ्या अर्धा ते एक मीटर खाली उतरवा. डाग दिसताच ४५ दिवसांची वाट न पाहता कापणी करा आणि डागी फांदी बियाण्यात मिसळू नका. गरम पाण्याचा तडाखा थंड समुद्रातही बसतो: २०१४ ते २०१६ च्या उष्ण लाटेत, आणि समुद्री साळींनी (शेवाळ खाणाऱ्या काटेरी गोल जीवांनी) त्याच काळात केलेल्या फडशात, उत्तर कॅलिफोर्नियाची ९० टक्क्यांहून अधिक केल्पची (उंच वाढणाऱ्या तपकिरी समुद्रशेवाळाची) जंगलं गेली. तिथे जंगल हलवता येत नाही, आपल्याला दोरी खाली नेता येते.

वाळवण वाळूवर नको, जमिनीपासून उंच जाळीवर करा. दहा किलो ओल्याचं साधारण एक किलो सुकं होतं. वळवाची सर पडली तर ताडपत्री ओढा, पावसाने भिजलेल्या मालाची प्रत घसरते.

मे संपण्याआधी तराफे, नांगर, दोर सगळं किनाऱ्यावर आणा. पावसाळ्यात बियाणं समुद्रात जगवण्याचा नाद सोडा. उधाणाने तराफा मोडतो, उरलेलं गोड्या पाण्याने जातं. ऑक्टोबरच्या बियाण्याची मागणी आधीच नोंदवा. जागा ठरवण्यापूर्वी मत्स्यव्यवसाय विभागाची परवानगी घ्या आणि मालवणसारख्या प्रवाळाच्या भागापासून दूर राहा. हे शेवाळ बाहेरून आणलेलं आहे, आणि मन्नारच्या आखातात ते प्रवाळावर पसरल्याचं आढळलं आहे. तुटलेले तुकडे म्हणूनच गोळा करून किनाऱ्यावर आणावेत.