व्हिटॅमिन सी सीरम उन्हाळ्यात टिकेल का? मी असं तपासते

१५ टक्के व्हिटॅमिन सीचं सीरम करणं फारसं अवघड नाही. मे महिन्यात कुरिअरच्या टेम्पोतून ते नागपूरला धड पोचणं अवघड. म्हणून माझ्या छोट्या लॅबमध्ये नवा फॉर्म्युला आधी ४ आठवडे तापतो, मग विकला जातो.

पहिली गोष्ट, रंगावर जाऊ नका. "अजून पिवळं पडलं नाही ना, मग चांगलंच आहे," असं बरेच जण म्हणतात. ॲस्कॉर्बिक ॲसिडचं, म्हणजे व्हिटॅमिन सीचं, आधी डीहायड्रोॲस्कॉर्बिक ॲसिड होतं आणि त्याला रंग नसतो. पिवळेपणा त्याच्याही पुढच्या मोडतोडीतून येतो. तोवर बरंच काही गेलेलं असतं.

सीरम ज्या बाटलीतून विकणार त्याच बाटलीत, तेवढंच भरा. ४ अंशांना फ्रिजमध्ये, ३० आणि ४५ अंशांना इनक्युबेटरमध्ये. ७, १४ आणि २८ व्या दिवशी तपासायचं, दर वेळी नवी बाटली फोडून. उघडलेल्या बाटलीत हवा शिरते. शून्य दिवसाची १ धरून १० बाटल्या झाल्या. मी १२ भरते. प्रत्येकीवर मार्करने नंबर टाका आणि रिकामी व भरलेली, दोन्ही वजनं वहीत लिहा. याचा कंटाळा करू नका, कारण पुढे सांगते.

तपासणी आयोडीनने. व्हिटॅमिन सी आयोडीन खातं; ते संपलं की उरलेल्या आयोडीनने स्टार्च निळा होतो. बाटली खोलीच्या तापमानाला येऊ द्या. सीरम घट्ट असतं, पिपेटला चिकटतं, म्हणून फ्लास्कमध्ये १ ग्रॅम तोलूनच घ्या. उकळून गार केलेलं ५० मिली डिस्टिल्ड वॉटर, थोडं सौम्य सल्फ्युरिक ॲसिड, वर १ मिली स्टार्च. स्टार्च संपला तेव्हा मी साबुदाण्याची पातळ पेज गाळून वापरलीय, चालते. ब्युरेटमधून, म्हणजे मिलीच्या खुणा असलेल्या तोटीच्या काचनळीतून, ०.१ नॉर्मल (ठरलेल्या ताकदीचं) आयोडीन सोडत राहा. निळा रंग येतो, हलवलं की जातो, पुन्हा येतो. अर्धा मिनिट टिकला की थांबा. १ मिली आयोडीन म्हणजे ८.८०६ मिलीग्रॅम व्हिटॅमिन सी, तेव्हा ताज्या सीरमला साधारण १७ मिली लागतात. आयोडीनही उडतं; त्याच दिवशी थायोसल्फेटने (आयोडीन मोजायचं रसायन) त्याची ताकद तपासून घ्या.

आता ते वजन. एकदा ४५ अंशांच्या बाटलीला १४ व्या दिवशी १४.४ मिली लागले आणि २८ व्या दिवशी १४.६. सीरम सुधारलं की काय! बाटली तोलली तर ३० ग्रॅमचं सीरम २८.१ झालेलं. ड्रॉपरच्या रबराला बारीक चीर होती, पाणी उडालं आणि उरलेलं दाट झालं. १४.६ ला २८.१/३० ने गुणलं तेव्हा खरा आकडा आला १३.७, म्हणजे सुरुवातीच्या ८० टक्के. न तोलता मी ८६ लिहून मोकळी झाले असते.

फॉर्म्युल्यात मेटाबायसल्फाइट (हवेने खराब होऊ नये म्हणून घालतात ते) असेल तर तेही आयोडीन खातं. व्हिटॅमिन सी सोडून बाकी सगळं घातलेलं ब्लँक करा आणि त्याचा आकडा वजा करा.

औषधांत ९० टक्क्यांखाली गेलं की मुदत संपली असं बहुधा धरतात. मीही तेच धरते. पण ४५ अंशांच्या ४ आठवड्यांवरून "वर्षभर टिकेल" असं लेबलवर छापत नाही. त्यासाठीच त्या जास्तीच्या २ बाटल्या, साध्या कपाटात, वर्षभर न उघडता.