ऑनलाइन तासात विद्यार्थी गप्प का? आखणीतल्या या चुका टाळा

‘समजलं का सगळ्यांना?’ या प्रश्नावर ऑनलाइन तासात शांतता पसरली की मुलांना गांभीर्य नाही, असे म्हणून शिक्षक मोकळे होतात; वास्तविक दोष बहुधा प्रश्नाच्या आखणीत असतो. ज्याला समजले नाही, त्याने सर्वांसमोर तसे कबूल करावे ही अपेक्षाच अवाजवी आहे. त्याऐवजी पेल्यात तरंगणारा बर्फ वितळल्यावर पाण्याची पातळी वाढेल, घटेल की तेवढीच राहील, असा ठोस प्रश्न पोलमध्ये द्यावा. मते पडत असताना निकाल मात्र झाकलेला ठेवावा, नाहीतर बहुमताकडे पाहून उत्तरे दिली जातात. हार्वर्डमधील भौतिकशास्त्राचे प्राध्यापक एरिक माझूर यांच्या पद्धतीत साधारण ३० ते ७० टक्के उत्तरे बरोबर आली, तर शिक्षक लगेच उलगडा करीत नाही. विद्यार्थी आपसांत चर्चा करून पुन्हा मत देतात.

दुसरी चूक घाईची. प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी जेमतेम एक सेकंद थांबतात, आणि ते तीन सेकंद थांबले तर उत्तरे अधिक विस्तृत येतात, हे शिक्षण-संशोधक मेरी बड रो यांनी १९७०च्या दशकातच दाखवले होते. ऑनलाइन तासात आवाज पोहोचायला आणि माइक सुरू करायला लागणारा वेळ त्यात मिळवावा लागतो. ‘उत्तर चॅटमध्ये लिहा, पण मी सांगेपर्यंत पाठवू नका’ असे सांगितले, की संथपणे विचार करणाऱ्यालाही संधी मिळते. (कॅमेरा सक्तीने सुरू ठेवायला लावणे म्हणजे संवाद नव्हे; त्यात डेटा मात्र संपतो.)

झूमवर गट पाडले की मुख्य खोलीत दाखवलेली स्लाइड गटांत आपोआप दिसत नाही, आणि ‘नेमकं करायचं काय?’ यातच वेळ जातो. म्हणून गट पाडण्याआधीच कामाची लिंक द्यावी आणि चर्चेअंती काय लिहून आणायचे, तेही सांगावे.

मूडल या ऑनलाइन अध्यापनाच्या प्रणालीतील प्रश्नोत्तर प्रकारच्या चर्चेत स्वतःचे उत्तर टाकल्याशिवाय इतरांची उत्तरे दिसत नाहीत, हा नक्कल रोखण्याचा उत्तम उपाय आहे. परंतु ती दिसण्यापूर्वी संपादनाची, म्हणजे टाकलेले उत्तर बदलण्याची, मुदतही संपावी लागते, आणि मूळ सेटिंगमध्ये ती ३० मिनिटांची असते. ‘सर, काहीच दिसत नाही’ या तक्रारीचे मूळ अनेकदा इथेच सापडते. ही चर्चा एकाच तासात उरकायची असेल, तर ॲडमिनकडून ती मुदत आधीच कमी करून घ्यावी. अन्यथा उत्तरासाठी आजचा आणि प्रतिसादासाठी उद्याचा दिवस ठेवावा.