बेस गिटारचा अ‍ॅम्प आणि कॅबिनेट: निवड कशी करावी, आवाज कसा जुळवावा

बेसचा अ‍ॅम्प घ्यायला दुकानात गेलेल्या माणसाशी पहिले बोलणे होते ते वॅटचे, आणि बहुतेक वेळा तोही घरून तोच आकडा मनात धरून आलेला असतो. वास्तविक वॅट सर्वांत शेवटी पाहायचे असतात. आधी अ‍ॅम्प कुठे वाजणार हे ठरवावे, मग त्या जागेला साजेसे कॅबिनेट, म्हणजे स्पीकरची पेटी, निवडावे, आणि त्या कॅबिनेटला पुरेल इतक्या ताकदीचे हेड, म्हणजे स्पीकर नसलेला नुसता अ‍ॅम्प, शेवटी शोधावे. ठाणे-नवी मुंबईत राहणाऱ्या वादकाने तर हा क्रम पाळावाच, कारण त्याचे वादन एकमेकांशी अजिबात न जुळणाऱ्या तीन जागांत वाटलेले असते: सोसायटीतला फ्लॅट, तासाच्या भाड्याने मिळणारी रिहर्सलची खोली, आणि उत्सवाचा मंडप किंवा गडकरी रंगायतन, वाशीचे विष्णुदास भावे नाट्यगृह यांसारखा रंगमंच. या तिन्ही ठिकाणी एकच संच उत्तम वाजेल अशी अपेक्षा ठेवून खरेदी केली तर तो कुठेच धड वाजत नाही.

खोलीचे गणित

चार तारांच्या बेसची मोकळी ई तार सुमारे ४१ हर्ट्झला वाजते आणि पाच तारांच्या बेसची बी तार ३१ हर्ट्झला. ४१ हर्ट्झच्या ध्वनिलहरीची लांबी आठ मीटरांहून अधिक असते. म्हणजे आपल्याकडच्या बहुतेक बेडरूममध्ये ती पूर्ण मावतही नाही. अशा खोलीत काही स्वर भिंतींमध्ये अडकून घुमतात आणि काही विरून जातात, आणि कोणते घुमणार हे आधीच काढता येते. आवाजाचा वेग सेकंदाला सुमारे ३४३ मीटर धरावा आणि त्याला समोरासमोरच्या भिंतींमधील अंतराच्या दुपटीने भागावे. दहा बाय बाराच्या खोलीत दहा फुटांच्या बाजूला उत्तर येते ५६ हर्ट्झ, बारा फुटांच्या बाजूला ४७, आणि छत नऊ फुटांवर असेल तर त्या दिशेला ६२ ते ६३. आता बेसवरचे स्वर पाहावेत: मोकळी ए तार ५५, ई तारेवरच्या दुसऱ्या फ्रेटचा एफ शार्प ४६, ए तारेवरच्या दुसऱ्या फ्रेटचा बी ६२. हे तिन्ही स्वर त्या खोलीत इतरांपेक्षा मोठे आणि लांबलेले ऐकू येणार, मग अ‍ॅम्प कितीही महागडा असो. म्हणूनच घरात ऐकून अ‍ॅम्पला नावे ठेवण्याआधी तो खोलीच्या मध्यापासून आणि कोपऱ्यापासून थोडा हलवून पाहावा. कोपऱ्यात ठेवलेल्या कॅबिनेटचा खर्ज जमीन आणि दोन भिंतींच्या आधाराने फुगतो, आणि तो दोन-तीन फूट पुढे ओढला तर कित्येकदा नॉबला हातही लावावा लागत नाही.

शेजाऱ्यांचा विचारही याच वेळी करावा. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात सकाळी सहा ते रात्री दहा या वेळेत ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे. मात्र हे मोजमाप माणसाच्या कानाच्या अंगाने केलेले असते आणि त्यात खर्जाला फार कमी वजन मिळते. त्यामुळे मीटरवरचा आकडा मर्यादेत दिसत असतानाही खालच्या मजल्यावरचे काका वर येऊन बेल वाजवू शकतात, आणि त्यांचे म्हणणे खरेही असते, कारण खर्ज हवेपेक्षा स्लॅबमधून अधिक सहज खाली उतरतो. कॅबिनेटखाली जाड रबर किंवा फोम घातल्याने काही प्रमाणात फरक पडतो. तरीही फ्लॅटमधल्या सरावासाठी हेडफोनची सोय असलेला, आठ किंवा दहा इंची स्पीकरचा छोटा कॉम्बो, म्हणजे हेड आणि स्पीकर एकाच पेटीत असलेला संच, घ्यावा आणि बँडसाठीचा संच वेगळा ठेवावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

कॅबिनेट

पंधरा इंची स्पीकर म्हणजे खोल खर्ज आणि दहा इंची म्हणजे टणत्कार, ही समजूत आपल्याकडे घट्ट रुजलेली आहे. कॅबिनेट किती खाली जाईल हे स्पीकरच्या व्यासापेक्षा पेटीचे आकारमान, स्पीकरची घडण आणि पेटी बंद आहे की तिला हवेचा मार्ग, म्हणजे पोर्ट, आहे यावर अधिक ठरते. १९६९ साली आलेल्या अ‍ॅम्पेग एसव्हीटी या ३०० वॅटच्या अ‍ॅम्पबरोबरचे दहा इंची आठ स्पीकरांचे बंद कॅबिनेट रॉकच्या बेसचा मानदंड मानले जाते. त्याचा प्रतिसाद ६० हर्ट्झच्या आसपासच उतरू लागतो, तरीही त्याला कोणी पातळ म्हणत नाही. खालच्या ई चा दुप्पट आणि तिप्पट कंप्रतेचा (फ्रिक्वेन्सीचा) अंश नीट ऐकू आला की मूळ स्वर आपला कान स्वतःच भरून काढतो.

बंद पेटीचा खर्ज हळूहळू ओसरतो आणि ती स्वर लवकर सोडते. पोर्ट असलेली पेटी तेवढ्याच आकारात अधिक खाली पोहोचते, पण पोर्टच्या ठरावीक कंप्रतेखाली तिचा प्रतिसाद एकदम कोसळतो आणि तिथे स्पीकरच्या पडद्याला हवेचा आधारही उरत नाही. पाच तारांचा बेस वाजवणाऱ्याने हे विशेष लक्षात ठेवावे: लहान पोर्टेड कॅबिनेटवर बासचा, म्हणजे खर्जाचा, नॉब पूर्ण चढवून बी तार जोरात वाजवली की पडदा वाजवीपेक्षा जास्त पुढे-मागे होतो, फटफट असा आवाज येतो, आणि अ‍ॅम्प निम्म्या ताकदीवर असतानाही स्पीकर निकामी होऊ शकतो.

वजनाचा प्रश्न इथे चैनीचा नाही. वर सांगितलेले आठ स्पीकरांचे कॅबिनेट साठ किलोंच्या पुढे जाते. ते घोडबंदर रोडवरच्या बाविसाव्या मजल्यावरून लिफ्टने उतरवून टेम्पोत चढवणे हा एका माणसाचा उद्योग नव्हे. निओडिमियम चुंबकाच्या स्पीकरमुळे बारा इंची एका स्पीकरचे कॅबिनेट आता साधारण बारा ते पंधरा किलोंत मिळते आणि रिक्षात सीटवर शेजारी बसते. क्लास-डी प्रकारचे हेड तर दोन-तीन किलोंचे, खांद्यावरच्या पिशवीत मावणारे असते. ऐरोली किंवा घणसोलीहून ठाण्यात रिहर्सलला येणाऱ्या वादकाला माझा सल्ला असा, की बारा इंचीचे एक हलके, आठ ओहमचे कॅबिनेट आधी घ्यावे आणि गरज पडल्यावर त्याच बनावटीचे दुसरे जोडावे. दोन कॅबिनेट शेजारी न ठेवता एकावर एक ठेवावेत. शेजारी ठेवल्यास वरच्या पट्टीचा आवाज आडवा पसरण्याऐवजी ठिकठिकाणी तुटतो, आणि एकावर एक ठेवल्यास वरचा स्पीकर वादकाच्या कानाच्या जवळ येतो.

ओहम आणि वॅट

आठ ओहमची दोन कॅबिनेट अ‍ॅम्पच्या मागच्या दोन जॅकना जोडली की अ‍ॅम्पवरचा भार चार ओहम होतो. चार ओहमची दोन जोडली तर तो दोन होतो, आणि आठ व चार अशी मिसळ केली तर सुमारे २.७. अ‍ॅम्पच्या पाठीवर किमान भार चार ओहम असा लिहिलेला असेल तर पहिली जोडणी चालेल, उरलेल्या दोन्ही चालणार नाहीत. अ‍ॅम्प तापेल, मध्येच बंद पडेल किंवा जळेल. व्हॉल्व्हच्या, म्हणजे काचेच्या नळ्यांच्या, अ‍ॅम्पचा नियम याहून कडक आहे: तो कॅबिनेट न जोडता कधीही चालू करू नये, आणि मागचा ओहमचा स्विच कॅबिनेटशी जुळवूनच ठेवावा.

जाहिरातीतला वॅटचा मोठा आकडा बहुधा चार ओहमवरचा असतो. आठ ओहमचे एकच कॅबिनेट लावले की त्याच अ‍ॅम्पमधून त्याच्या निम्मी किंवा किंचित जास्त ताकद बाहेर येते. यात घाबरण्यासारखे काही नाही, कारण ताकद दुप्पट केल्याने आवाज फक्त तीन डेसिबलने वाढतो आणि दुप्पट मोठा वाटण्यासाठी सुमारे दहापट ताकद लागते. याउलट कॅबिनेटची संवेदनशीलता, म्हणजे एक वॅटला एक मीटरवर मिळणारा आवाज, ९७ ऐवजी १०० डेसिबल असेल, तर २५० वॅटमध्येच पाचशे वॅटचे काम होते. तेच दुसरे कॅबिनेट जोडल्यास अ‍ॅम्पची ताकद आणि स्पीकरचे क्षेत्रफळ अशा दोन्ही बाजूंनी वाढ होते आणि एकूण फरक सहा डेसिबलच्या जवळ जातो. ड्रमरबरोबर वाजवायचे असल्यास तीनशे ते पाचशे वॅटचे हेड आणि कार्यक्षम कॅबिनेट पुरेसे ठरते. नाट्यगृहात प्रेक्षकांपर्यंत बेस पोहोचवण्याचे काम तिथली साउंड यंत्रणा करते. अ‍ॅम्प फक्त रंगमंचावरच्या चार-पाच जणांसाठी असतो, हे विसरून अनेक जण विनाकारण मोठा संच ओढत नेतात.

हेड आणि कॅबिनेट यांच्यामध्ये गिटारची केबल कधीही लावू नये. दिसायला टोके सारखीच असली तरी आतली तार बारीक असते आणि ती तापते. स्पीकरची जाड दुपदरी केबलच वापरावी, आणि दोन्हीकडे सोय असेल तर फिरवून बसणारा स्पीकॉन प्लग घ्यावा. कुणाच्या पायाने तो ओढला जात नाही.

नॉब लावण्याचा क्रम

मास्टर, म्हणजे एकूण आवाजाचा नॉब, शून्यावर ठेवून बास, मिड आणि ट्रेबल मध्यावर आणावेत, आणि कंटूर, डीप, ब्राइट अशी जी काही बटणे असतील ती सगळी बंद करावीत. बेसमध्ये बॅटरी असेल तर अ‍ॅक्टिव्हचे बटण दाबून पाहावे. मग कार्यक्रमात जितक्या जोराने बोट किंवा अंगठा पडतो तितक्याच जोराने खालची तार वाजवत गेन, म्हणजे आत येणाऱ्या सिग्नलच्या पातळीचा नॉब, चढवत न्यावा, आणि क्लिपचा, म्हणजे सिग्नल मर्यादेबाहेर गेल्याचा, लाल दिवा सर्वांत जोरदार आघातालाच क्षणभर लागेल तिथे थांबावे. घरी गोंजारत वाजवून गेन लावणारे मंडपात पहिल्याच गाण्याला गरगरतात. त्यानंतरच मास्टर उघडावा.

टोन लावताना अ‍ॅम्पपासून किमान सहा-सात फूट दूर, आणि शक्य असल्यास लांब केबल घेऊन समोर उभे राहावे. पायाशी ठेवलेल्या अ‍ॅम्पचा वरचा आवाज पोटऱ्यांवर आदळतो, कानापर्यंत फक्त घुमणे पोहोचते, आणि मग वादक ट्रेबल चढवत बसतो, तो कर्कशपणा समोरच्यांना सोसावा लागतो. अ‍ॅम्प किंचित मागे कलता ठेवावा किंवा मजबूत पेटीवर चढवावा. उचलल्याने रंगमंचाच्या पोकळ लाकडी जमिनीचा दणकाही कमी होतो.

आता कानाने शोधायचे ते असे. ४० ते ८० हर्ट्झमध्ये छातीला जाणवणारा ठोका असतो, १०० ते २०० मध्ये बेसचे अंग, २५० ते ५०० मध्ये गढूळपणा, ७०० ते एक हजारच्या आसपास स्वराची ओळख, आणि दोन ते चार हजारांत बोटांचा व फ्रेटचा खडखडाट. एकट्याने वाजवताना मिड उतरवून बास-ट्रेबल चढवलेला आवाज फार गोड लागतो, आणि दुकानात अ‍ॅम्प विकला जातो तो याच आवाजावर. ढोलकी, ऑक्टोपॅड, कीबोर्डचा डावा हात आणि दोन गायक सुरू झाले की तोच बेस नाहीसा होतो. घुमते काहीतरी, पण स्वर कोणता ते कळत नाही. अशा वेळी व्हॉल्यूमला हात न लावता मिड थोडा चढवावा, आणि मिडची कंप्रता बदलण्याचा नॉब असेल तर तो ५०० ते ८०० च्या दरम्यान सावकाश फिरवावा. एका जागी बेस अचानक पुढे येतो. तिथेच तो सोडावा, मग एकट्याने ऐकताना तो नाकात बोलल्यासारखा वाटला तरी चालेल. कीबोर्डवाला डाव्या हाताने खर्ज भरत असेल तर त्याच्याशी बोलून तो हात वरच्या सप्तकात न्यायला सांगणे हा कोणत्याही नॉबपेक्षा परिणामकारक उपाय आहे.

जागा गढूळ वाटली तर चढवण्याऐवजी उतरवण्याने सुरुवात करावी: आधी बास थोडा, मग २५० च्या आसपासचा भाग. जुन्या तारा आणि बोटांचे वादन असेल तर कॅबिनेटचा ट्वीटर, म्हणजे वरच्या पट्टीचा छोटा स्पीकर, निम्म्यावर आणावा. नुसती सुरसुर ऐकण्यात अर्थ नसतो. कार्यक्रमात साउंडवाल्याला डीआयची, म्हणजे बेसचा सिग्नल थेट मिक्सरकडे नेणारी, केबल देताना टोनच्या आधीचा सिग्नल निवडावा, म्हणजे आपण रंगमंचापुरते केलेले फेरफार त्याच्याकडे जात नाहीत.

वीज, पाऊस आणि जुना माल

मंडपातल्या तात्पुरत्या वायरिंगवर पन्नास हर्ट्झची गुणगुण येते तेव्हा तीन पिनांच्या प्लगमधली अर्थिंगची पिन काढून टाकण्याचा सल्ला देणारा कोणीतरी भेटतोच. तो मुळीच ऐकू नये. तारांना हात आणि माइकला ओठ लागल्यावर बसणारा धक्का जीवघेणा ठरू शकतो. डीआयजवळचा ग्राउंड लिफ्टचा स्विच, जो फक्त सिग्नलच्या केबलचे ग्राउंड तोडतो, तो दाबून पाहावा, आणि अ‍ॅम्प व मिक्सर एकाच बोर्डावरून चालवावेत. परदेशातून आणलेल्या अ‍ॅम्पच्या पाठीवर २३० व्होल्ट लिहिले आहे याची खात्री केल्याशिवाय तो प्लगमध्ये घालू नये.

जुने कॅबिनेट घेताना मल्टिमीटर सोबत न्यावा. आठ ओहमच्या कॅबिनेटचे मोजमाप साडेपाच ते सातच्या दरम्यान येते. काहीच आकडा येत नसेल तर कॉइल तुटलेली आहे. समोरची जाळी काढता येत असेल तर पडदा दोन्ही हातांच्या बोटांनी समान दाबून हलकेच आत ढकलावा, आणि आत खरखर लागली किंवा जळका वास आला तर व्यवहार तिथेच थांबवावा. नंतर आपल्याच बेसने ई तारेवर एकेक फ्रेट वर चढत, कार्यक्रमाइतक्या आवाजात वाजवून, पेटीचा कोणता भाग कोणत्या स्वराला थरथरतो ते ऐकावे. पेटी प्लायवूडची आहे की भुश्याच्या बोर्डाची हेही खालच्या कोपऱ्यांकडे पाहून ओळखावे. खाडीकाठच्या दमट हवेत दुसऱ्या प्रकारची पेटी दोन-तीन पावसाळ्यांत तळाशी फुगते, स्क्रू सैल होतात, आणि मग जो थरथराट सुरू होतो तो कोणत्याही नॉबने जात नाही.