आठवीत संपूर्ण संस्कृत घेण्याआधी: माझा अनुभव

सातवीचं वर्ष संपलं की शाळेतून एक चिठ्ठी घरी येते. भाषा निवडायला तीन चौकटी असतात: संपूर्ण हिंदी, संपूर्ण संस्कृत, संयुक्त. एकीवर खूण करायची, खाली पालकांची सही. आमच्या घरी ही चिठ्ठी २०१६च्या जूनमध्ये आली. बाबांनी पुण्याच्या आतेभावाला फोन लावला. तो नुकताच दहावी झाला होता. तो म्हणाला, ‘संस्कृतच घ्या मामा, स्कोरिंग आहे, पैकीच्या पैकी मिळतात.’ पाच मिनिटांत खूण झाली, सही झाली. मला काय वाटतं ते कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तरी मी संस्कृतच म्हणाले असते, कारण आमच्या शाळेत संस्कृतवाल्यांची तुकडी म्हणजे ‘अ’ तुकडी होती आणि मला ‘ब’मध्ये जायचं नव्हतं.

हे तुकड्यांचं प्रकरण अजून बऱ्याच शाळांत चालतं आणि मला ते मनापासून चुकीचं वाटतं. सातवीच्या टक्क्यांवरून संस्कृत दिलं जातं, म्हणून मुलं संस्कृत नाही, तुकडी निवडतात. तुमच्या मुलीला विषय हवाय की मैत्रिणींचा बाक हवाय, एवढं एकदा तिला नीट बसवून विचारा. मैत्रिणींसाठी हवं असेल तर त्यातही लाज नाही, फक्त ते आधी कळलेलं बरं.

तीन पर्यायांचं थोडक्यात सांगते, कारण ते बहुतेकांना ठाऊक असतं. हिंदी पाचवीपासून चालू असते, आठवीत ती पुढे सरकते. संस्कृत आठवीत शून्यापासून सुरू होतं आणि तीन वर्षांत दहावीच्या पेपरापर्यंत पोहोचायचं असतं. संयुक्तमध्ये पन्नास गुणांची हिंदी आणि पन्नास गुणांचं संस्कृत. इंग्रजी माध्यमाच्या मुलांना मराठी सोडता येत नाही, त्यामुळे त्यांचा प्रश्न सहसा तिसऱ्या भाषेपुरता असतो, पण हिंदी की संस्कृत हा पेच तोच. काही शाळांत नववीपासून व्यावसायिक विषयही मिळतात. ते घेणार असाल तर त्याच्या बदल्यात कोणता विषय सुटतो, हे शाळेत तोंडी नाही, लेखी विचारून घ्या.

आता मी कुठे अडकले ते सांगते. हे जरा लांबेल, पण मला हे आठवीत कुणी सांगितलं असतं तर पुढची दोन वर्षं वेगळी गेली असती.

आठवीत शब्दरूपं सुरू होतात. देवः देवौ देवाः, देवम् देवौ देवान्. सर आम्हाला उभं करून तालात म्हणायला लावायचे. पाढे लहानपणापासून तालात म्हटलेले, त्यामुळे मला हे फार सोपं गेलं. वर्गात सगळ्यांत जलद मीच म्हणायचे. देव झाला, वन झालं, माला झाली. परीक्षेत तक्ता भरायला यायचा, मी न अडखळता भरायचे. पहिल्या सत्रात पन्नासपैकी सेहेचाळीस. घरी आनंद, आतेभावाचं म्हणणं खरं ठरलं.

नववीत घटक चाचणीत एक वाक्य आलं: ‘मुनिः वने वसति।’ मराठीत भाषांतर करा. मी मनात वनम् वने वनानि म्हटलं, पहिल्याच ओळीत मधोमध ‘वने’ सापडलं, मधला रकाना म्हणजे द्विवचन. मी लिहिलं, ‘मुनी दोन वने राहतो.’

या वाक्याला अर्थ नाही हे मला लिहिताना कळत होतं, तरी मी लिहिलं. कारण तोपर्यंत संस्कृतच्या वाक्याला अर्थ असतो आणि तो आपल्याला कळायला हवा, ही गोष्टच माझ्या डोक्यात नव्हती. माझ्यासाठी संस्कृत म्हणजे भरायचा तक्ता होता. त्या तक्त्यात संबोधन सोडलं तर ‘वने’ तीन ठिकाणी येतं: प्रथमेचं द्विवचन, द्वितीयेचं द्विवचन आणि सप्तमीचं एकवचन. मी तिन्ही ठिकाणी ते हजार वेळा म्हटलं होतं, पण तिसऱ्या ठिकाणी ‘वने’ म्हणजे ‘वनात’, हे कधी मनातही आलं नव्हतं.

आडव्या पाठांतराने काय होतं ते बघा. आपण ओळ आडवी म्हणतो, एकवचन-द्विवचन-बहुवचन. पण वाक्य वाचताना प्रश्न उभा असतो: कोण? कोणाला? कशाने? कोणासाठी? कुठून? कोणाचं? कुठे? या सात प्रश्नांची उत्तरं म्हणजेच सात विभक्ती. मला कुणी ‘मालाचं सप्तमी एकवचन सांग’ म्हटलं की मी ‘माला माले मालाः’पासून सुरुवात करून सातव्या ओळीपर्यंत पळत जायचे आणि मग ‘मालायाम्’. घरी ठीक आहे. पेपरात वीस वेळा असं पळावं लागलं की वेळ संपतो. आणि उलट्या दिशेने, म्हणजे ‘मालायाम्’ दिसल्यावर ती कितवी विभक्ती आणि अर्थ काय, हे तर येतच नाही, कारण त्या दिशेने आपण कधी चाललेलोच नसतो.

यावर उपाय आहे आणि तो आपल्या मराठीतच आहे. ने, ला, ऊन, हून, चा-ची-चे, त हे प्रत्यय आपण मराठीच्या तासाला शिकलेलो असतो. ‘झाडाचं पान पाण्यात पडतं’ हे वाक्य घ्या. झाडाचं षष्ठी, पाण्यात सप्तमी, पान प्रथमा. ‘वृक्षस्य पर्णं जले पतति।’ एवढंच. रोज स्वयंपाकघरातली पाच वाक्यं घेऊन प्रत्येक शब्दावर हा प्रश्न विचारायचा. पंधरा दिवसांत डोळा बसतो. शिवाय संबोधन धरून देवच्या चोवीस रकान्यांत वेगळी रूपं सतराच आहेत. ‘देवाभ्याम्’ तीनदा येतं, ‘देवेभ्यः’ दोनदा, ‘देवयोः’ दोनदा. कुठलं रूप कुठे दुहेरी येतं ते रंगीत पेनने खूण करून ठेवलं की पाठांतराचं ओझं कमी होतं आणि ‘वने’सारखे शब्द आधीच ओळखीचे होतात.

मात्र मराठीवर डोळे मिटून विसंबूही नका. दोन ठिकाणी तिने मला फसवलं. आपण ‘शाळेत जातो’ म्हणतो, म्हणून मी ‘शालायां गच्छामि’ लिहायचे. संस्कृतमध्ये जिथे जायचं ती जागा द्वितीयेत: ‘शालां गच्छामि’. दुसरं म्हणजे ‘ला’. ‘रामाला बघतो’ आणि ‘रामाला पुस्तक देतो’ यांत मराठीत फरक दिसत नाही, संस्कृतमध्ये पहिला ‘रामम्’ आणि दुसरा ‘रामाय’. क्रियापदांतही एक घोळ होतो. मराठी व्याकरणात प्रथम पुरुष म्हणजे मी, संस्कृत परंपरेत प्रथमपुरुष म्हणजे तो, आणि मी म्हणजे उत्तमपुरुष. आईने मराठीच्या पुस्तकावरून अभ्यास घ्यायला सुरुवात केली की इथे हमखास भांडण होतं.

माझं पुढे काय झालं ते सांगते. नववीत मी घसरले आणि ते लपवण्यासाठी गाईड घेतलं. त्यात प्रत्येक पाठाचं तयार भाषांतर असतं. मी भाषांतर पाठ करायचे, म्हणजे संस्कृतऐवजी मराठी पाठ करायचे. याबद्दल मी अगदी स्पष्ट बोलणार आहे: आठवी-नववीत तयार भाषांतराला हात लावू नका. दहावीत उजळणीला घेतलंत तर हरकत नाही. आधी घेतलंत की पाठाबाहेरचा उतारा समोर आला की हातात काहीच उरत नाही. क्लासचंही तेच. ज्या क्लासमध्ये सर फळ्यावर भाषांतर लिहितात आणि मुलं उतरवतात, तिथे फी भरण्यापेक्षा घरी पेन्सिल घेऊन बसलेलं बरं.

दहावीला मला चांगल्या बाई मिळाल्या. त्या पुस्तकातल्या प्रत्येक नामावर पेन्सिलने विभक्तीचा आकडा लिहायला लावायच्या, बाकी काही नाही. जूनपासून सप्टेंबरपर्यंत नुसते आकडे. मला तेव्हा राग यायचा, कारण सगळा वर्ग पुढे गेला होता. पण सुभाषितं मला पहिल्यांदा कळली ती त्या आकड्यांमुळे. उशीर मात्र झाला होता. आमची बॅच मार्च २०१९ची. त्या वर्षी भाषांचे तोंडी परीक्षेचे गुण काढून टाकले होते, शंभरच्या शंभर गुणांचा लेखी पेपर, अभ्यासक्रमही नवा. राज्याचा निकाल आदल्या वर्षीच्या ८९.४१ टक्क्यांवरून ७७.१० टक्क्यांवर आला होता. मला संस्कृतमध्ये अडुसष्ट मिळाले. सहा विषयांत सगळ्यांत कमी. बेस्ट ऑफ फाइव्हमध्ये सहातला सगळ्यांत कमी गुणांचा विषय टक्केवारीत धरत नाहीत. ज्या विषयात गुण मिळतात म्हणून मी हिंदी सोडली, तोच विषय माझ्या टक्केवारीतून गळला.

माझ्या वर्गातल्या तीन मुलींना नव्वदच्या वर होते, हेही सांगायला हवं. म्हणजे आतेभाऊ खोटं बोलला नव्हता. ज्याला वाक्य कळतं त्याला संस्कृतमध्ये गुण खरंच मिळतात, कारण उत्तर बरोबर तरी असतं किंवा चूक तरी. हिंदीच्या निबंधात परीक्षकाला आवडेल का ही धाकधूक असते, इथे ती फार कमी. आणि आताच्या मुलांसाठी एक दिलासा: आमच्या पुढच्या वर्षापासून ८० लेखी आणि २० अंतर्गत गुण परत आले. आमच्या वर्षाचे आकडे सांगून कुणी घाबरवलं तर घाबरू नका.

संयुक्तबद्दल सगळ्यांत मोठा गैरसमज म्हणजे ‘अर्धं संस्कृत, अर्धं काम’. माझ्या मैत्रिणीने घेतलं होतं. पाठ कमी असतात, पण देव आणि वन तिलाही करावेच लागले, आणि वर हिंदीचं व्याकरण वेगळं, पेपर वेगळा, दोन पुस्तकं. हिंदी सुटू नये असं मनापासून वाटत असेल तर संयुक्त घ्या, अगदी चांगला पर्याय आहे. काम वाचेल म्हणून घेऊ नका. नववी-दहावीची पुस्तकं ई-बालभारतीच्या संकेतस्थळावर फुकट उतरवून घेता येतात. संपूर्णचं ‘आमोद’, संयुक्तचं ‘आनंद’, हिंदीचं ‘लोकभारती’ आणि ‘लोकवाणी’. चिठ्ठी भरण्याआधी एक संध्याकाळ दहावीच्या पुस्तकांसोबत काढा. आठवीचं पुस्तक बघून काही कळत नाही, ते सगळ्यांचंच गोड असतं.

संपूर्ण हिंदी घेणाऱ्यांना कमी लेखलं जातं, ते ऐकूच नका. अकरावीला कुठल्याही शाखेला जायला संस्कृत लागत नाही. पुढे आयुर्वेदाकडे जायचं मनात असेल तर पहिल्या वर्षाला संस्कृत असतं आणि शाळेत झालेलं असलं की सोपं जातं, पण तिथल्या प्रवेशासाठीसुद्धा दहावीचं संस्कृत विचारत नाहीत. मला स्वतःला हिंदी सुटल्याची हळहळ अजून आहे. सातवीनंतर मी हिंदीतला एक लेखही नीट वाचला नव्हता, आणि नोकरीच्या मुलाखतीत ते जाणवलं.

जे सांगायला आम्हाला कुणी बसलं नाही ते हे: संस्कृतकडून हिंदीकडे परतता येतं, हिंदीकडून संस्कृतकडे जाता येत नाही. हिंदीचा पाया सातवीपर्यंत झालेला असतो, त्यामुळे आठवी संस्कृतची काढून नववीत हिंदी घेतलेली मुलं तरतात. उलट दिशेने नववीत संस्कृत सुरू करणं म्हणजे एका उन्हाळ्यात वर्षभराचं व्याकरण करणं. म्हणून मुलीला खरंच उत्सुकता असेल तर आठवीत संस्कृत घेऊन बघायला हरकत नाही. पण शाळेला जूनमध्येच विचारा की नववीत बदलू देतात का आणि कधीपर्यंत. काही शाळा तासांची जुळवाजुळव होत नाही म्हणून सरळ नाही म्हणतात.

आणि दिवाळीच्या सुट्टीत एकच परीक्षा घ्या. तक्ता म्हणायला लावू नका. पाठातलं एक वाक्य काढा, बोट ठेवा आणि विचारा, ‘हा शब्द कोण, कोणाला, कुठे, यातलं काय सांगतो?’ दहातल्या सात शब्दांना उत्तर आलं तर निर्धास्त राहा. तालात सगळं म्हणता येतंय आणि हे येत नसेल, तर सेहेचाळीस गुण बघून पेढे वाटू नका, त्याच सुट्टीत पेन्सिल घेऊन आकडे घालायला बसा. आठवीची दिवाळी म्हणजे उशीर नव्हे. मी दहावीच्या जूनमध्ये बसले होते.

आमच्या गल्लीतल्या दोन मुली सध्या माझ्याकडे संध्याकाळी येतात. एकीने संपूर्ण संस्कृत घेतलंय, एकीने संयुक्त. पहिल्या दिवशी दोघींना ‘मुनिः वने वसति’ लिहून दिलं. संयुक्तवाली म्हणाली, ‘मुनी वनात राहतो, ताई, त्यात काय?’ दुसरी मनातल्या मनात वनम् वने वनानि म्हणत होती, ओठ हलताना मला दिसत होते. तिच्यापासून सुरुवात केली.