कारखान्यात पाळणाघर मिळालं, ते असं

शिरोली एमआयडीसीत एका फौंड्रीत, म्हणजे ओतकामाच्या कारखान्यात, मी क्वालिटीला आहे. लेक दीड वर्षाची. सासूबाईंचे गुडघे दुखतात, नवऱ्याची कागलला शिफ्ट. दुपारी फोन ठरलेला, "पोरगी खाईना बघ!"

मातृत्व लाभ कायद्यातल्या 2017 च्या दुरुस्तीनं 50 किंवा जास्त कर्मचारी असतील तिथं पाळणाघराची सोय बंधनकारक केली. आईला दिवसातून 4 वेळा बाळाकडे जायची मुभा. सोय सामाईकही चालते, आणि तेच कामाला आलं. एचआरला तोंडी सांगून काही हलेना. मग लेखी अर्ज दिला, खाली आम्हा तिघींच्या सह्या. एकेकटीनं विचारलं की वाटाण्याच्या अक्षताच मिळतात. आता शेजारच्या कारखान्यासोबत एक खोली आहे, सांभाळायला मावशी आहेत. कास्टिंगचा रिपोर्ट सही करते, हाताची काळी वाळू साबणानं घासते, मग वरणभात भरवायला जाते. रात्री आठचे कामाचे कॉल मात्र अजून सुटले नाहीत.